थेंब बुडाला म्हणजे ठणठणीत

बुडणारा पास आणि तरंगणारा नापास, अशी परीक्षा जगात एकच असावी. ती घेण्याचं काम थेंबरावांकडे होतं.

रक्तपेढीत रक्तदाता खुर्चीवर बसला की थेंबराव त्याच्या बोटाला सुई टोचत, काचेच्या बारीक नळीत रक्त घेत आणि समोरच्या निळ्याशार द्रावणात वरून एक थेंब सोडत. निळं द्रावण म्हणजे पाण्यात विरघळवलेलं मोरचूद, दुसरं काही नाही. मात्र ते मापाचं लागतं. मापात असलं म्हणजे ते धडधाकट माणसाच्या रक्तापेक्षा किंचित हलकं आणि अशक्त माणसाच्या रक्तापेक्षा किंचित जड असतं. थेंब आत पडला की त्याच्याभोवती मोरचुदातल्या तांब्याची आणि रक्तातल्या प्रथिनांची पातळ पिशवी धरते. त्यामुळे तो विरघळून जात नाही. पिशवीत बसून तो क्षणभर विचार करतो आणि मग निकाल देतो. खाली गेला तर रक्तात लोह भरपूर, घ्या बाटलीभर. वर राहिला तर "घरी जा, पालेभाजी खा."

या कामात थेंबरावांचं खरं नाव कधी गळून पडलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पगाराच्या दिवशी खऱ्या नावानं पुकारा झाला की ते इतरांबरोबर मागे वळून बघत.

मोरचुदावर त्यांचा जीव होता. पाहुणे आले की ते निळ्या रंगाचा खडा चमच्यात घेऊन गॅसवर धरत. "हा निळा का दिसतो? आत पाणी बसलंय म्हणून. आता बघा, पाणी गेलं." खडा भुरभुरत पांढराफटक होई. मग ते त्यावर पाण्याचा थेंब टाकत. चर्रकन आवाज येऊन पूड पुन्हा निळी होई आणि पाहुणे चहाची वाट बघू लागत. "हेच मोरचूद चुन्यात कालवून बागाईतदार बुरशीवर फवारतात. हेच तळ्यात टाकलं की शेवाळ मरतं. जनावराचे खूर सडले की ह्याच्याच पाण्यात उभं करतात. आणि आमच्याकडे माणसाचं रक्त जोखतं. आहे का दुसरा कुणी एवढा कामाचा?" मोरचूद विषारी, त्यामुळे तो चमचा नंतर फेकून द्यावा लागे. आपल्या घरातले चमचे कुठे जातात, या विषयावर घरात फारशी चर्चा होत नसे.

घरी खिडकीच्या कठड्यावर त्यांची स्वतःची एक बाटली होती. पेढीत रोज ताजं द्रावण मोजूनमापून येई. तिथं काही कमीजास्त होण्याची बिशाद नव्हती. पण एकदा उरलेलं द्रावण फेकायला मन होईना, म्हणून त्यांनी ते घरी आणून काचेच्या बाटलीत भरलं आणि किती भरलं तिथं बाहेरून रेघ मारली. तेव्हापासून घरातल्या कुणाचं डोकं दुखो की पाय, थेंबराव म्हणत, "बोट आण."

आईचा थेंब बुडाला. "आई, घोड्यासारखं रक्त आहे तुझं." आईंना घोडा आवडला नाही, निकाल आवडला. धाकटी बहीण माहेरी आली, तिचाही बुडाला. ती सासरी जाऊन तीन पिढ्यांना सांगून आली.

आणि बायकोचाही बुडाला.

बायको पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवी. चार मशिनं, एक कापायचं टेबल, आणि दुपारभर मुलींची चिवचिव. मुली तिला मास्तरीणबाई म्हणत आणि तिच्या कात्रीला घाबरत, कारण ती कापडावर खडूची रेघ न ओढता नुसत्या नजरेनं गळा कापायची आणि तो कधी चुकायचा नाही. हल्ली मात्र मास्तरीणबाई बाजारातून आल्या की पिशवी घेऊन जिन्यातच बसत. कापायला उभ्या राहिल्या की टेबलाची कड धरत. एक दिवस त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

"अहो, मला हल्ली फार दमायला होतं. छातीत धडधडतं. आणि दर महिन्याला अंगावरून..."

"बस इकडे. बोट आण."

थेंब पडला, निळ्यात क्षणभरही न रेंगाळता थेट तळाला गेला.

"बघ! ठणठणीत!"

"मग दमायला का होतं?"

"मनाचं असतं ते," थेंबराव म्हणाले. म्हणताना त्यांची नजर बाटलीवरच होती. इतका सुरेख बुडालेला थेंब त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

पुढेही दोनदा तिनं विचारलं आणि दोन्ही वेळा थेंब बुडाला, तोही आधीच्यापेक्षा जोमानं. मग तिनं विचारणं सोडलं. घरात मात्र तो थेंब जिवंत राहिला. ती दुपारी जरा टेकली की आई आतून म्हणत, "सूनबाई, थेंब बुडाला ना तुझा? मग ऊठ की." आईंच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलाच्या विज्ञानावर त्यांची श्रद्धा होती, एवढंच.

होता होता मास्तरीणबाईंचीही त्यावर श्रद्धा बसली. शरीर ठणठणीत आहे, तरी हात उचलत नाही; तर मग दोष कुणाचा? त्या मुलींना हसत सांगू लागल्या, "मी आळशी झालेय गं." मग एका फ्रॉकचा गळा पुढचा मागे आणि मागचा पुढे कापला गेला. मुलगी काही बोलली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना जाहीर केलं, "वर्ग बंद करते. मशिनं तुमच्या बहिणीला देऊन टाकू. तिला हवीच आहेत. आळशी बाईनं मुलींना शिकवू नये."

नणंदेनं फोनवर दोनदा "अगं वहिनी, असं काय!" म्हटलं आणि तिसऱ्या वाक्यात विचारलं, "मग रविवारी टेम्पो आणू?"

थेंबरावांना वाईट वाटलं. पण बाटलीसमोर इलाज नव्हता.

त्याच आठवड्यात मास्तरीणबाई मोरीत कपडे पिळत होत्या. "अहो," त्यांनी आतून हाक मारली, "तो बाटली पुसायचा फडका तुमचा. साबण लावा, सोडा लावा, निळा काही निघत नाही. केवढं मोरचूद प्यायलाय हा!"

"मोरचूद भिनतं. निघत नाही ते," थेंबराव अभिमानानं म्हणाले आणि दाढीचा ब्रश गालावरच थांबला.

ते स्वभावानं टापटिपीचे होते. बाटलीतलं पाणी उडतं, मोरचूद काठाकाठानं वर चढतं आणि तोंडाशी, बुचाभोवती त्याचे निळे खडे धरतात. ते बरं दिसत नसे. म्हणून थेंबराव दर आठवड्याला ओला फडका घेऊन बाटलीचं तोंड लख्ख पुसत. मग द्रावण रेघेच्या खाली गेलेलं दिसे. म्हणून वरून रेघेपर्यंत पाणी घालत. वर्षभर हेच. बाटली दिसायला कशी, नव्यासारखी!

आता साबण लावलेल्या अर्ध्या चेहऱ्यानं ते मोरीच्या दारात उभे राहिले. बायकोनं फडका दोन्ही हातांनी पिळला. आकाशी पाणी ओघळलं.

एवढं मोरचूद जर फडक्यात आहे, तर ते बाटलीत नाही.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही," थेंबराव म्हणाले. "फडका चांगला आहे."

त्यांनी त्या दिवशी बाटली डब्याच्या पिशवीत घालून पेढीत नेली. तिथं हायड्रोमीटर म्हणतात ती काचेची कांडी असते. योग्य द्रावणात ती ठरलेल्या खुणेशी तरंगते, पातळ असेल तर खाली जाते. घरच्या द्रावणात ती खूण ओलांडून खाली, आणखी खाली, गळ्यापर्यंत गेली, जणू विहिरीत पोहायला उतरली. थेंबरावांनी कांडी पुसली, पुन्हा बुडवली. कांडी भिडस्त नव्हती.

तरी मन मानेना. नुकतीच एक सडपातळ बाई नापास झाली होती. पेढीच्या द्रावणात तिचा थेंब बुचासारखा वर राहिला होता. तिच्या नळीत थोडं रक्त उरलं होतं. थेंबरावांनी ते घरच्या बाटलीत सोडलं. थेंब दगडासारखा तळाला गेला.

"ठणठणीत," ते सवयीनं पुटपुटले.

"काय म्हणालात?" बाईंनी आशेनं विचारलं.

"काही नाही. पालेभाजी खा."

त्या बाटलीत कुणाचाही थेंब बुडाला असता. म्हणजे त्यांनी बायकोला जे सांगितलं ते रक्ताबद्दल नव्हतंच. आपण बाटली किती स्वच्छ ठेवतो, एवढंच ते तिला वर्षभर सांगत होते.

आता सरळ माणसानं घरी जाऊन खरं सांगितलं असतं. थेंबराव घरी जाऊन म्हणाले, "आमच्याकडे रक्त मोजायचं नवीन मशीन आलंय. सगळे आपापल्या घरच्यांना आणताहेत. तू चल."

मशीन जुनंच होतं. त्यानं आकडा दाखवला सात, हवा निदान बारा. पेढीच्या डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला, मग मास्तरीणबाईंची खालची पापणी ओढून पाहिली. ती आतून, तापवलेल्या मोरचुदासारखी, पांढरी होती. ही उपमा थेंबरावांच्या डोक्यात आपोआप आली आणि नंतर कितीतरी दिवस गेली नाही.

"ह्या कशा आल्या? उचलून आणलं?"

"चालत आले," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कमाल आहे. पाळीत फार जातं का?"

"हो. वर्ष झालं."

"वर्ष! आणि घरी सांगितलं नाही कुणाला?"

"सांगितलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि पदराचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळू लागल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. थेंबराव भिंतीवरच्या तक्त्यात लोह कशाकशात असतं ते वाचत होते. ते त्यांना वीस वर्षं पाठ होतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पुढच्या तपासण्या लिहिल्या, आणि घरातली दगदग निम्मी करा म्हणून बजावलं.

जेवताना आईंना सांगावंच लागलं. "रक्त कमी झालंय तिचं."

"कमी झालंय? मागच्या महिन्यात तर बुडाला होता थेंब!" आईंनी हिशेब मांडला. "मग महिन्याभरात एवढं रक्त गेलं कुठं? हिचं खाण्याकडे लक्ष नाही, दुसरं काय."

इथं थेंबरावांनी तोंड उघडलं. शब्द ओठांशी आला होता. पण समोर घास होता, त्यांनी तो तोंडात घातला.

"माझंच चुकलं, आई," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चांगलं होतं ते मी घालवलं."

तो घास थेंबरावांना काही केल्या गिळवेना. आपण केलेल्या चुकीची शिक्षा बायको भोगत होती, इथवर ते मनाशी कबूल करू शकत होते. पण आता ती माफीही मागत होती.

मग त्यांनी अपराधी नवरे करतात ते सगळं केलं, एक सोडून. भांडी घासली. केर काढला. बाजारातून पिशवीभर फळं आणली आणि सोलून, बिया काढून तिच्यापुढे ठेवली. गोळीच्या वेळी पाण्याचा पेला घेऊन तिच्यामागे उभे राहू लागले, इतके जवळ, की वळताना तिचा धक्का लागून पेला दोनदा सांडला. आई हे सगळं बघून म्हणाल्या, "ह्याला ताप आलाय का बघ गं."

शनिवारी ते कढई घासत असताना बायको मागे येऊन उभी राहिली.

"अहो, खरं सांगा. नोकरी गेली का?"

"नाही."

"मग कोण आहे ती?"

"कोण?"

"जिच्यापायी कढई घासताय."

थेंबराव हसले, तीही हसली. हसताना तिला धाप लागली आणि तिनं ओट्याला हात टेकला. "मला उगाच शंका आली," ती म्हणाली. "तुम्ही इतकं करताय, आणि मी बघा. आळशी ती आळशी, वर संशयी." कढई लख्ख झाली होती. थेंबराव ती आणखी बराच वेळ घासत राहिले.

रविवारी नणंद आली. टेम्पोवाला खाली हॉर्न मारत होता, तो वर आला आणि त्यानं मशिनांकडे ओझ्याच्या नजरेनं पाहिलं. मास्तरीणबाईंनी सकाळीच चारही मशिनं पुसून, तेल देऊन ठेवली होती. पट्टे सैल केले होते. शेवटच्या मशिनावर त्यांचा हात होता आणि तो काही केल्या उचलला जात नव्हता.

"वहिनी, बघ हं, नंतर रुखरुख नको," नणंद म्हणाली आणि टेम्पोवाल्याला खुणेनं म्हणाली, आधी हे घ्या.

"रुखरुख कसली? तू दणकट आहेस, तुझ्या हातात चालतील," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला धडधाकट शरीर मिळालं होतं. मीच त्याचं काही केलं नाही."

"थांबा," थेंबराव म्हणाले.

ते खिडकीशी गेले. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात निळा फडका घेऊन परत आले आणि पाहुण्यांपुढे चमचा धरून उभे राहत तसे उभे राहिले. तोंडातून निघालं ते नेहमीचंच.

"मोरचुदाचं द्रावण नुसतं ठेवून दिलं, की त्यातलं पाणी उडतं आणि..."

"दादा, टेम्पोवाल्याला पुढं जायचंय रे," बहीण म्हणाली.

"...आणि मोरचूद बाटलीच्या तोंडाशी चढतं. ते मी पुसत होतो. दर आठवड्याला. ते सगळं ह्यात आहे." त्यांनी फडका वर धरला. "आणि बाटलीत मी पाणी घालत होतो. बाटली खोटी आहे. वर्षभर खोटी आहे. ह्यात कुणाचाही थेंब बुडतो. तिचं रक्त महिन्याभरात गेलं नाही. ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हापासूनच नव्हतं. ती म्हणत होती ते खरं होतं, आणि मी तिला मनाचं असतं म्हणालो."

पहिल्यांदा आईंच्या लक्षात आलं.

"अरे, मग माझा थेंब?"

"तुझंही काही सांगता येत नाही, आई."

आई तत्काळ खुर्चीवर बसल्या. "तरीच सकाळपासून गरगरतंय."

"मलाही जिना चढताना जाणवलं!" नणंद म्हणाली आणि कापायच्या टेबलाला टेकली. "हात बघ वहिनी कसा गार पडलाय."

घरातली सगळी धडधाकट माणसं एका वाक्यात आजारी पडली. ज्या एकीच्या अंगात खरोखर रक्त नव्हतं, ती तेवढी उभी होती.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"कपडे पिळत होतीस, त्या दिवशी."

"म्हणजे मशीन दाखवायला नेलंत तेव्हा माहीत होतं. आईंसमोर मी माफी मागितली, तेव्हा माहीत होतं. काल कढई घासत होतात..."

"हो."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी माहीत नव्हतं गं. शपथ."

"त्याआधी मी सांगितलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. मुलीची उलटी बाही उसवताना असायचा तेवढाच होता. "बाटली बिघडली, ती बिघडते. पण तुम्ही माझ्यासमोर बसून मला विचारलंच नाहीत. बाटलीला विचारलंत."

थेंबरावांनी बाटली खाली ठेवायला जागा शोधली. चार मशिनं, एक टेबल, एवढी मोठी खोली, पण जागा सापडेना. ते ती हातातच धरून उभे राहिले.

"म्हणजे मी आळशी नव्हते?"

"नव्हतीस."

"आईंना सांगा."

"आई, ती आळशी नव्हती."

"त्यांना त्या कानानं कमी ऐकू येतं."

थेंबराव दुसऱ्या बाजूला गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, ती आळशी नव्हती! ती आजारी होती!" खालच्या मजल्यावरचा रेडिओ कुणीतरी बारीक केला.

"मशिनं न्यायची का नाही?" टेम्पोवाल्यानं विचारलं. एक मशीन अजून त्याच्या छातीशी होतं.

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "होतं तिथं ठेवा. हळू. त्याचा पाय नाजूक आहे." मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि भर दुपारी, दार उघडं ठेवून, आडव्या झाल्या. आईंनी सवयीनं तोंड उघडलं, मुलाच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि मिटलं. नणंद टेम्पोत बसून रिकामीच परत गेली. जाताना म्हणाली, "दादा, मला पण त्या खऱ्या मशीनवर ने."

वर्ग सुरू व्हायला बरेच महिने लागले. तपासण्या झाल्या, एक लहानसं ऑपरेशन झालं, गोळ्या झाल्या. पापणी आतून हळूहळू गुलाबी होत गेली. मास्तरीणबाई पुन्हा नुसत्या नजरेनं गळा कापू लागल्या, मुली पुन्हा कात्रीला घाबरू लागल्या. बाटली थेंबरावांनी पेढीत नेऊन रीतसर रिकामी केली. पाहुण्यांना खडा तापवून दाखवणंही बंद झालं आणि घरातले चमचे टिकू लागले.

संध्याकाळी मुली गेल्या की ते दारात येऊन विचारत, "दमलीस का गं?"

सुरुवातीला ती म्हणे, "बाटलीला विचारा." पुढेपुढे नुसतं "हो" म्हणे, कधी "नाही" म्हणे. ती जे सांगेल ते थेंबराव मान्य करत. पडताळून बघायला हातात काहीही नसताना माणसाचा शब्द खरा धरायचा, हे त्यांना नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं, आणि पहिल्यापहिल्यांदा फार जड गेलं.

फडका मात्र राहिला. मास्तरीणबाई रोज वर्ग संपला की त्याच फडक्यानं मशिनांचं तेल पुसतात. सावकाश, एकेक मशीन, थेंबराव समोर चहा पीत बसलेले असताना. त्यांनी एकदा चार नवे फडके आणून तिच्यापुढे ठेवले.

"कशाला?" ती म्हणाली. "हा चांगला आहे की. तुम्हीच म्हणाला होतात."

चारही फडके कपाटात घडी घालून ठेवले आहेत. निळा दोरीवर वाळतो, खिडकीत, बाटली असायची बरोबर तिथं.